थंडीच्या दिवसांत नावेच्या यंत्राचे गियर का अडते?



डिसेंबर महिन्यातील एका पहाटे आम्ही काही शिक्षक बारडोलीहून उकाईच्या जलाशयावर गेलो होतो. एका नावाड्याने आम्हांला आपल्या होडीत घेतले. होडीच्या मागील फळीवर पेट्रोलवर चालणारे लहानसे यंत्र टांगलेले होते. दुसऱ्या हिसक्यासरशी ते सुरू झाले. परंतु गियरचा दांडा काही केल्या पुढे सरकेना. नावाड्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा खडखडाट होऊन गियर पडले. तासाभराने परत येताना नेमके उलटे झाले. काठ जवळ आला, तरी दांडा मधल्या खुणेवर येईना. नावाड्याने प्रसंगावधान राखून यंत्रच बंद केले. होडी दगडाला हलकेच धडकून थांबली. कोणास इजा झाली नाही. पण त्याच काठावर गुडघाभर पाण्यात काही मुले उभी होती. यंत्र बंद करण्यास क्षणभर उशीर झाला असता, तर पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याने काय केले असते, हा विचार मनातून जाईना. या लेखाचे मूळ त्या विचारात आहे.

यंत्राची रचना

नावेच्या मागे टांगावयाचे यंत्र लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यतः ओले एव्हिनरूड यांच्याकडे जाते. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेल्या या कारागिराने अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९०९ साली अशी यंत्रे विक्रीस आणली. आरंभीच्या यंत्रांना गियर नव्हते; यंत्र सुरू झाले की नाव चालू लागे. पुढे गियर आले आणि यंत्र चालू ठेवून नाव उभी करणे व मागे घेणे शक्य झाले.

यंत्राच्या तळाशी, पंख्याच्या पुढे, तेलाने भरलेली एक बंद पेटी असते. वरून येणाऱ्या उभ्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. ते पंख्याच्या आसावरील दोन मोठ्या दातेरी चाकांना एकाच वेळी फिरविते; एकास उजवीकडे, दुसऱ्यास डावीकडे. ही दोन्ही चाके आसावर मोकळी असतात, म्हणून त्यांच्या फिरण्याने पंखा फिरत नाही. त्यांच्या मधोमध आसावर पुढेमागे सरकणारे एक दातेरी कडे असते. कारागीर त्याला ‘डॉग क्लच’ म्हणतात. कडे पुढच्या चाकात अडकले की नाव पुढे जाते, मागच्या चाकात अडकले की मागे जाते, मध्ये राहिले की पंखा थांबतो. हातातील दांडा, आवरणातून जाणारी तार, तिला जोडलेली उभी सळई आणि शेवटी हे कडे, अशी ही साखळी आहे. यांपैकी एक दुवा अडला, तरी गियर अडते.

थंडी नेमके काय करते?

आपल्या बारडोली परिसरात गूळ आणि काकवी कोणास ठाऊक नाही? दोन वाट्यांत सारखी काकवी घ्या. एक वाटी कोमट पाण्यात व दुसरी बर्फाच्या पाण्यात काही वेळ ठेवा. मग दोहोंत एकेक गोटी सोडा. कोमट काकवीत ती चटकन तळ गाठते, थंड काकवीत रेंगाळते. द्रवाच्या या गुणास श्यानता म्हणतात. उष्णता कमी होते तसतशी तेलाची श्यानता वाढत जाते. गियरचे तेल आणि तारेवरील वंगण यांना हाच नियम लागू आहे.

म्हणूनच तेलाच्या डब्यावर ‘८० डब्ल्यू ९०’ असे अंक छापलेले असतात. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. ८० या अंकाचा अर्थ असा, की उणे २६ अंश सेल्सियस तापमानालाही ते तेल ठरलेल्या मर्यादेपलीकडे घट्ट होत नाही. ९० हा अंक १०० अंशांवरील दाटपणा दर्शवितो.

जेथे पाणी गोठते, तेथे संकट अधिक मोठे असते. लडाखमधील पँगाँग सरोवर हिवाळ्यात गोठून जाते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. तारेच्या आवरणात पाणी शिरून गोठले, तर तार जागच्या जागी जखडते. गियरच्या पेटीत साठून गोठले, तर पेटीला तडा जाऊ शकतो.

आपल्याकडील पहाट एवढी कडक नसते. निर्दोष यंत्राचे गियर येथील थंडीने अडू नये. तरीही ते अडले, तर यंत्रात आधीचाच काही दोष आहे आणि थंडीने तो केवळ उघड केला, असे समजावे. ऊन चढले की जुने वंगण सैल होते, दांडा पुन्हा सरकू लागतो, आणि दोष नाहीसा झाला असे वाटते. हाच खरा धोका होय.

दोष शोधण्याचा क्रम

प्रथम नाव बांधावी, यंत्र बंद करावे, किल्ली व आपत्कालीन दोरी काढावी आणि ठिणगीच्या प्लगांच्या तारा सोडवाव्यात. त्याशिवाय पंख्याला हात लावू नये.

१. एकाने पंखा हाताने सावकाश फिरवावा व दुसऱ्याने दांडा सरकवावा. बंद यंत्रात कड्याचे दाते चाकाच्या दात्यांसमोर येऊन टेकले, तर गियर पडत नाही. पंखा थोडा फिरवताच ते पडले, तर तो दोष नव्हे.

२. तरीही दांडा जड असेल, तर तार यंत्राच्या बाजूने सोडवावी. तार सुटल्यावरही दांडा जड राहिला, तर दोष तारेत किंवा दांड्याच्या पेटीत आहे. आवरण फाटून तार गंजली असेल, तर ती बदलावी. वरून वंगण लावून भागत नाही.

३. दांडा हलका झाला, तर यंत्राकडील सळई हलवून पाहावी. ती जड असल्यास सांधे स्वच्छ करून वंगण द्यावे. तरीही फरक न पडल्यास दोष तळाच्या पेटीत आहे.

४. पेटीचा खालचा स्क्रू सोडून थोडे तेल बाहेर घ्यावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने, ते शिरले असेल तर आधी बाहेर येते. दुधासारखे पांढुरके तेल म्हणजे पाणी मिसळल्याची खूण. धातूची बारीक भुकटी फारशी चिंतेची नसते, परंतु कपच्या आढळल्यास पेटी जाणकाराकडून उघडवावी. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे व वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरत राहावे, म्हणजे आतील हवा निघून जाते.

५. दोन्ही भाग वेगवेगळे हलके, पण जोडल्यावर गियर पडत नाही, असे असल्यास तारेची लांबी चुकली आहे. ती यंत्राच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे बसवावी.

आणखी एक गोष्ट. थंड यंत्र सुरू करताना त्याची गती मुद्दाम वाढवलेली असते. त्या गतीत गियर टाकले, तर दाते एकमेकांवर आपटून झिजतात. गती खाली येऊन स्थिर होऊ द्यावी आणि मग दांडा एका निश्चयी हालचालीने सरकवावा. चाचरत सरकवल्यास दात्यांच्या कडा घासून गोल होतात. गियर काढतानाही आधी गती कमी करावी. भाराखाली दाते परस्परांवर दाबलेले असतात आणि सहसा सुटत नाहीत.

आमच्या नावाड्याच्या होडीची दुपारी याच क्रमाने तपासणी झाली. उन्हात दांडा सरकू लागला होता, म्हणून तो ‘आता ठीक आहे’ म्हणत होता. तार सोडवली, तरी दांडा काहीसा जडच लागला. वळणावर आवरण चिरलेले होते. पावसाळ्यात आत शिरलेल्या पाण्याने तार गंजली होती. तेल मात्र स्वच्छ निघाले. नवी तार बसल्यावर दुसऱ्या दिवशीच्या थंड पहाटेही दांडा दोन बोटांनी सरकला.

उपसंहार

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला, तेव्हा घराघरांच्या गच्चीवर अडकलेल्या माणसांना नावांचाच आधार होता. पूर पावसाळ्यात येतो, पण त्या वेळी उपयोगी पडणारे यंत्र हिवाळ्यातच तपासून ठेवावे लागते. काम संपल्यावर यंत्र उभे ठेवून पाणी निथळू द्यावे, तेल बदलावे, तारेचे आवरण न्याहाळावे. एवढे केले तर पुरेसे आहे.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या नाव चालवील, कोणी ट्रॅक्टर, कोणी उसाचा चरक. दांडा अडला की जोर लावण्याचा मोह होतो. त्या क्षणी हात थांबवून ‘कोणता दुवा अडला आहे?’ असा प्रश्न विचारावा. विज्ञानाच्या तासाला आपण जे शिकतो, त्याचा उपयोग असा काठावरच्या मुलांच्या रक्षणापर्यंत जातो.