एमआरआय झाला, तरी निदान बाकी असतं

बाबांची पाठ दिवसा कशीबशी निभावून जायची. रात्री आडवं झालं की दुखणं वाढायचं. एमआरआयमध्ये मणक्यात गाठ दिसली. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, 'टीबीची शक्यता. बायोप्सीने खात्री करावी.' डॉक्टरांनी त्यातला पहिला अर्धा भाग धरला आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे मणक्याचा टीबी इतका आढळतो की कुणालाच शंका आली नाही. पण दुखणं हटेना, वजन उतरलं, पाय जड पडू लागले.

दुसऱ्या न्यूरोसर्जननी फिल्म पाहताच विचारलं, "तुकडा तपासलाय का?" मग सीटी स्कॅनवर बघत, फक्त तेवढी जागा बधिर करून मणक्यात सुई घातली गेली. शेवयांसारखे बारीक तुकडे निघाले. ते दोन बाटल्यांत गेले. फॉर्मलिनची बाटली पॅथॉलॉजीकडे, सलाइनची टीबीच्या तपासणीला. कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर होऊ शकत नाही. टीबी नव्हताच. मल्टिपल मायलोमा निघाला, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. रेडिएशन आणि औषधांनी दुखणं उतरलं. बाबा आज वॉकर घेऊन चालतात. पायांतली पूर्वीची ताकद मात्र परत आलेली नाही.

गाठ कुठे आहे, मज्जारज्जूवर किती दाब आहे, हे एमआरआय दाखवतो. ती कशाची आहे, हे बहुतेक वेळा तुकडाच सांगतो. टीबीत सहसा दोन मणक्यांमधली चकती खराब होते, कर्करोगात ती बहुधा शाबूत राहते. पण या खुणाही फसवतात.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने बायोप्सी टाळू नका. मात्र पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना विचारूनच ती करा, कारण काही गाठींत सुईची वाटही नंतर काढावी लागते. बायोप्सीआधी स्टिरॉइड दिलं जात असेल, तर त्याने निदान झाकलं जाणार नाही ना, हे विचारा. लिम्फोमा या कर्करोगात तसं होऊ शकतं. स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, मागून घ्या, जपून ठेवा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घेताना तेच पुन्हा तपासले जातात.

आणि पायांतली ताकद जाऊ लागली किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.