जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वी त्याचे दप्तर पाहणे

बैल विकत घ्यावयाचा झाल्यास आपला शेतकरी किती सावध असतो, हे कोणत्याही बैलबाजारात जाऊन पाहावे. तो बैलाचे तोंड उघडून दात मोजतो. आदात, दोनदाती, चारदाती की जुळलेला हे ठरवितो. खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो आणि बाजाराची पावती हाती पडल्यावाचून दावे धरीत नाही. परंतु तोच शेतकरी चार-पाच लाखांचा जुना ट्रॅक्टर घेतेवेळी शेतात एक फेरी मारून, धूर पाहून व नव्या रंगावर भाळून विसार देऊन मोकळा होतो, हे आमच्या नित्य पाहण्यात येते. बैलाचे वय त्याच्या तोंडात सापडते. ट्रॅक्टरचे वय, त्याचे पूर्वीचे धनी आणि त्यावरील देणे ही सर्व कागदावर शोधावी लागतात, व तो शोध कसा घ्यावा याविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमची हयात महसूल खात्यात, सातबारा व फेरफार यांच्या नकला करण्यात गेली. सबब आम्हांस त्याच भाषेत हा विषय सांगणे सोयीचे वाटते. जमीन घेताना आपण प्रथम सातबाराचा उतारा काढितो, कबजेदाराच्या सदरी कोणाचे नाव आहे ते पाहतो, त्याखालील फेरफार क्रमांक काढून हे नाव कसे लागले ते वाचितो, व शेवटी इतर हक्काच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे काय हे तपासतो. वाहनाचेही अगदी असेच दप्तर असते. नोंदणी प्रमाणपत्र, ज्यास लोक आर. सी. बुक म्हणतात, तो त्याचा सातबारा होय. त्यावरील कर्जदात्याची नोंद, ज्यास एच. पी. म्हणण्याचा प्रघात आहे, ते त्याचे इतर हक्क होत. आणि हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० ही त्याची वर्दी होय. फरक इतकाच की, फेरफार मंजूर होण्यापूर्वी संबंधितांस नोटीस निघते व हरकतीस मुदत मिळते, त्यामुळे गावात गोष्ट फुटते. वाहनाचे नाव बदलले किंवा बदलले नाही, हे शेजाऱ्यासही कळत नाही.

पहिला प्रश्न नावाचा. जो इसम ट्रॅक्टर विकीत आहे त्याचेच नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे काय? नसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. येथे पुष्कळदा असे उत्तर मिळते की, "मूळ मालकाने सह्या करून ठेविल्या आहेत, नोटरीही झाली आहे, तुम्ही केव्हाही नाव लावून घ्या." अशा कोऱ्या सह्यांच्या नमुन्यांवर एकेक ट्रॅक्टर तीन-तीन, चार-चार हातांतून फिरलेला असतो व परिवहन कार्यालयाच्या दप्तरी मात्र पहिलेच नाव कायम असते. स्टँपपेपरावरील नोटरीने नोंदवहीतील नाव बदलत नाही. साठेखताने सातबारा बदलत नाही, हे ज्यास ठाऊक आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

यात विकणाराचेही हित आहे, किंबहुना अधिक आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० अन्वये विकणाराने चौदा दिवसांच्या आत व घेणाराने तीस दिवसांच्या आत हस्तांतरणाची खबर नोंदणी अधिकाऱ्यास द्यावयाची असते. ती न दिल्यास काय होते, याचे एक प्रकरण आमच्या पाहण्यात आहे. एका कास्तकाराने आपला ट्रॅक्टर नोटरीवर विकला. घेणाराने तो पुढे दुसऱ्यास दिला. त्या दुसऱ्याच्या हाती असता रस्त्यावर एक मनुष्य दगावला, आणि विमा तर केव्हाच संपलेला होता. दावा लागला तो दप्तरी नाव असलेल्या पहिल्या मालकावर! अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्याची रक्कम कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करिता येते, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. त्या बिचाऱ्याच्या सातबारावर बोजा चढला तेव्हा ट्रॅक्टर विकून त्यास तीन वर्षे होऊन गेली होती. सर्वोच्च न्यायालयानेही ६ फेब्रुवारी २०१८ रोजी अशाच, हातोहात विकल्या गेलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात, नोंदवहीत ज्याचे नाव तोच भरपाईस जबाबदार, असा निर्णय दिलेला आहे.

मूळ मालक मयत असल्यास विशेष जपावे. वारस म्हणतात, "फेरफार झाला आहे, हा पाहा." परंतु तो फेरफार जमिनीचा! त्याने ट्रॅक्टरवर कोणाचेही नाव लागत नाही. त्यासाठी वारसाने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास खबर देऊन तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करावयाचा असतो. वारसाचे नाव प्रथम लागू द्यावे व नंतरच त्याजपासून खरेदी करावी. बहिणींची संमती राहून गेली तर काय होते, हे जमिनीच्या प्रकरणांवरून आपण सर्व जाणतोच.

आता बोजाविषयी, कारण खरी ठेच येथेच लागते. ट्रॅक्टर बहुधा कर्जावर घेतलेला असतो. कर्ज फिटले असे विकणारा शपथेवर सांगतो, व कित्येकदा ते खरेही असते, पण एच. पी. उतरविण्याचे राहून गेलेले असते. ती उतरविण्यास कर्जदात्याच्या सहीचा नमुना ३५ व ना-हरकत पत्र लागते. हे दोन्ही कागद हाती आल्याशिवाय "फिटले आहे" या शब्दास काही किंमत देऊ नये. कर्ज बाकी असल्यास खरेदीदाराने विकणाराच्या हाती रक्कम न देता ती थेट कर्ज खात्यात भरावी व उरलेली त्यास द्यावी. हप्ते थकलेला ट्रॅक्टर नव्या धन्याच्या अंगणातून ओढून नेला जातो, आणि त्यावेळी नोटरीचा कागद पुढे करून काही उपयोग होत नाही.

केवळ आर. सी. बुकावरील एच. पी. पाहून भागत नाही. विकणाराच्या गावचा सातबारा काढावा. ट्रॅक्टरच्या कर्जास जमीन तारण दिलेली असल्यास इतर हक्कात बँकेचे अथवा संस्थेचे नाव सापडते, व कोठे चौकशी करावी याचा पत्ता लागतो. सहकारी संस्थेच्या कर्जातून घेतलेल्या शेतीच्या यंत्रावर त्या संस्थेचा पहिला बोजा असतो, अशी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये तरतूद आहे. हा बोजा परिवहन कार्यालयाच्या दप्तरी दिसेलच असे नाही. म्हणून गावच्या विविध कार्यकारी सेवा संस्थेचा बेबाकी दाखला मागावा. तो देण्यास जो कां कूं करितो, त्याचा ट्रॅक्टर कितीही सुबक असो, आपण दुसरा पाहावा. त्याचप्रमाणे सरकारी अनुदानावर घेतलेला असल्यास, अनुदानाच्या वेळी लिहून दिलेल्या हमीपत्रात तो किती मुदतीपर्यंत विकू नये असे म्हटले आहे, तेही वाचून पाहावे.

ही चौकशी करण्यास पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागत. आता तसे राहिले नाही. केंद्र सरकारच्या 'वाहन' नावाच्या दप्तरात देशातील नोंदणीकृत वाहनांची माहिती असते, व 'एम-परिवहन' या भ्रमणध्वनीवरील सोयीने केवळ क्रमांक घालून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाची नोंद इत्यादी मजकूर पाहता येतो. मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात, तरी ताडून पाहण्यापुरते कळते. घरातील शिकलेल्या मुलास वा मुलीस हे काम सांगावे. ती पाच मिनिटांत करून देतात. आमच्यासारख्यास अर्धा तास लागतो, पण होते. वाहन चोरीचे आहे काय, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरात क्रमांक, इंजिन व चेसिस घालून पाहण्याचीही सोय आहे.

मात्र दप्तरातील क्रमांक व लोखंडावरील क्रमांक एकच आहेत ना, हे पाहण्यास शिवारातच जावे लागते. इंजिनवर व चेसिसवर कोरलेले आकडे फडक्याने व रॉकेलने स्वच्छ करावे, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी आणि ती आर. सी. बुकाशी अक्षर न अक्षर ताडावी. आकड्यांची ओळ वाकडी, एखादा आकडा खोल व एखादा उथळ, अथवा त्या जागी घासल्याची वा वेल्डिंगची खूण दिसली, तर भाव करण्यास बसू नये. इंजिन बदललेले असणे हा दोष नव्हे. पण बदल केल्याची नोंद दप्तरी असली पाहिजे. ट्रॉलीही घ्यावयाची असल्यास तिची नोंदणी निराळी असते हे विसरू नये. पुष्कळ ट्रॉल्या बिनक्रमांकाच्या फिरतात, व अपघात झाला म्हणजे विमा कंपनी नेमके तेच बोट ठेविते.

नोंदणीची तारीख पाहण्याचे आणखी एक कारण आहे. शेतीचा ट्रॅक्टर खाजगी वर्गात मोडत असल्याने त्याची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. चौदा वर्षांचा ट्रॅक्टर स्वस्त मिळाला म्हणून हर्ष मानणाराने हा पुढील खर्च किमतीत धरावा. सोलापूर, सांगली, कोल्हापूर यांसारख्या सरहद्दीच्या जिल्ह्यांत कर्नाटकातील क्रमांकाचे ट्रॅक्टरही विक्रीस येतात. तेथे मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र, नमुना २८, आधी मागावे, कारण दुसऱ्या राज्यातील वाहन येथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेविल्यास येथील नवा क्रमांक घ्यावाच लागतो, व त्या पत्राशिवाय तो मिळत नाही.

यंत्राची पारख आम्ही सांगणे म्हणजे लोहारास घण कसा धरावा हे सांगण्यासारखे होईल. ती आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून, इंजिन थंड असता, सकाळी करवून घ्यावी. विकणाराच्या मिस्त्रीकडून करवू नये. पण एक हिशेब आम्हांस येतो, तो तासांचा. समजा, नोंदणी होऊन दहा वर्षे झाली आहेत व अवर मीटर २१०० तास दाखवीत आहे. म्हणजे वर्षास २१० तास; दिवसास सरासरी पस्तीस मिनिटेही नव्हेत! मालक म्हणतो, "घरचीच शेती, भाड्याने कधी दिला नाही." असेल. मग क्लचच्या पायट्याचे रबर गुळगुळीत का झाले? ट्रॉली अडकविण्याच्या आकड्याचे भोक गोलाचे लांबट का झाले? असे लांबट भोक उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या वर्षानुवर्षे ओढल्यावाचून होत नाही, आणि कारखान्याच्या वाटेवर हंगामभर रात्रंदिवस चाललेला ट्रॅक्टर व दोन एकर नांगरणारा ट्रॅक्टर यांची किंमत एक नव्हे. अवर मीटर बदलता येते. सर्व्हिसच्या पावत्यांवरील तास सहसा कोणी बदलीत नाही. त्या पावत्या मागाव्या. नसल्यास ज्या विक्रेत्याकडून ट्रॅक्टर नवा घेतला होता त्याजकडे चेसिस क्रमांक सांगून जुनी नोंद मिळते काय ते विचारावे, व शेवटच्या नोंदीतील तास आजच्या तासांहून अधिक तर नाहीत ना, हे पाहावे.

दलालामार्फत घेणारांस एक सूचना. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास नोंदणी अधिकाऱ्याचे अधिकारपत्र घेण्याची, व वाहन त्याच्या ताब्यात येताच मालकाने तशी खबर देण्याची पद्धत घातली आहे. तेव्हा दुकानाची पाटी न पाहता ते अधिकारपत्र पाहावे. चहा पाजणारे पुष्कळ असतात.

सर्व कागद जुळले म्हणजे विसार थोडा द्यावा, त्याची पावती इंजिन व चेसिस क्रमांकांसह लिहून घ्यावी, आणि मोठी रक्कम बँकेमार्फत, नमुने २९ व ३० दोघांच्या समक्ष भरून दाखल होतील त्या दिवशी द्यावी. कोऱ्या नमुन्यावर विकणाराने सही करू नये व घेणाराने ती घेऊ नये. तारीख, वेळ व दोन्ही नावे भरलेली असावी. अर्ज दाखल झाल्याची पोच दोघांनीही जपून ठेवावी. विमापत्र आपल्या नावावर करून घेण्यास चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा; तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा वाहनाबरोबर येतो, परंतु खुद्द आपल्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा विमा नाव बदलल्याशिवाय लागू पडत नाही. नवे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे त्यावरील आपले नाव, इंजिन व चेसिस क्रमांक आणि एच. पी. चा रकाना तेथल्या तेथे वाचून पाहावा, व लेखनदोष असल्यास त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा.