वाचलेलं उमगलं का?

कबनूर, ता. हातकणंगले

चि. बाळास,


तुझं पत्र आणि सोबतची प्रश्नपत्रिका मिळाली. नववीच्या मुलांना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचायला दिलीस, फार चांगलं केलंस. जवळपास सगळ्यांना चांगले गुण पडले, तरी पोरांनी पुस्तक वाचलंय असं वाटत नाही, असं तू लिहितोस. तुझी शंका रास्त आहे. तिचं कारण मुलांत शोधण्याआधी प्रश्नांत शोध.

तू विचारलंस ते असं : कादंबरी कधी प्रसिद्ध झाली, मास्तराचं नाव काय, कारभाऱ्याच्या मुलीचं नाव काय, वाडीत काय बांधलं. १९५५ हे साल पाठ करता येतं. बाकीची उत्तरं मोबाइलवरच्या सारांशात सापडतात किंवा अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट पाहून देता येतात. कृतिपत्रिकेतल्या चौकटी आणि ओघतक्ते भरायची मुलांना सवय झालेली असते. असे प्रश्न थोडे असावेत, त्यांनी मूल सैलावतं. पण आकलनाची परीक्षा त्यांच्या पुढे सुरू होते.

कारण विचारत जा. वाडीतल्या शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतःला जुंपून घेते, हे मूल सांगेल. तू विचार, की वाडीतल्या लोकांनी ते कसं पाहिलं आणि मास्तराला ते पाहून काय वाटलं? दोहोंत फरक का आहे? आपल्या मुलीच्या, अंजीच्या चोळीवरून कारभारी मास्तरावर रागावतो. तो राग नेमका कशाचा, बापाचा की गावाच्या प्रमुखाचा? पुस्तकात याचं एका ओळीचं उत्तर नाही. मुलाला मागची पानं उलटावी लागतात, आणि तेच आपल्याला हवं आहे. म्हणून असे प्रश्न पुस्तक हातात देऊनच सोडवून घे. “हे तुला कुठल्या पानावरून वाटलं?” एवढं विचारलंस तरी न वाचलेला मुलगा आणि वाचून वेगळं मत झालेला मुलगा, दोघे वेगळे ओळखू येतील. त्यातल्या दुसऱ्याचं मत तुझ्या मताशी जुळलं नाही तरी त्याला पूर्ण गुण दे.

सांगणारा कोण, हेही विचार. सगळी गोष्ट तरुण मास्तर सांगतो. हीच हकिकत अंजीनं किंवा वाडीतल्या आनंदा रामोशानं सांगितली असती, तर काय बदललं असतं? दहा ओळी लिहून घे. त्या दहा ओळी कुठल्याही गाईडात मिळणार नाहीत.

काही वेळा मूल अडतं ते वाचनात नव्हे, माहितीत. कादंबरीत एका वाडीच्या तालमीसाठी राजा येतो, हे आजच्या मुलाला खोटं वाटेल. तो मुलूख औंध संस्थानचा होता. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता आणि १९३९ मध्ये त्यांच्या संस्थानानं प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली. एवढं आधी सांगून मग तालमीचा प्रश्न घाल. जे आपण सांगितलं नाही त्याची परीक्षा घेऊ नये.

भाषेचंही तसंच. तुझ्या वर्गात इचलकरंजीच्या मागांवर काम करायला उत्तरेतून आलेल्यांची मुलं आहेत, घरात कानडी बोलणारी आहेत. कादंबरीतली माणदेशी बोली त्यांना अडणारच. शब्द अडला म्हणजे कादंबरी कळली नाही, असं धरू नकोस. अशा मुलाला तोंडी सांगू दे, हिंदी मिसळून सांगू दे. आपल्या मुलांनी ऊसतोडीनंतर रानात बसवलेली मेंढरं पाहिलेली असतात, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं पाहिलेली असतात. तिथून सुरुवात केलीस, तर धनगरांची वाडी त्यांना परकी राहणार नाही.

साठ मुलांची तोंडी परीक्षा कशी घेऊ, असं तू म्हणशील. एकदम घेऊ नकोस. रोज तासाच्या शेवटी चार-पाच मुलांना प्रत्येकी एक प्रश्न विचार, वहीत एक ओळ टिपून ठेव. आठवड्यातून एकदा मुलांनाच प्रश्न काढायला सांग. कोणाला काय कळलं, हे त्यांच्या उत्तरांपेक्षा त्यांच्या प्रश्नांतून जास्त दिसतं. “मला हे समजलं नाही” असं लिहायला उत्तरपत्रिकेत जागा ठेव आणि ती भरणाऱ्याचा गुण कापू नकोस. कापड मीटरवर मोजून लांबी कळते, दोष शोधायला घडी उलगडून उजेडात धरावी लागते. मुलाचं वाचनही असंच उलगडून पाहावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो, वाडी जगायला बाहेर पडते, शाळा ओस पडते. इथे प्रश्न घालायची घाई करू नकोस. ती पानं वर्गात मोठ्यानं वाच आणि त्या दिवशी काहीच विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी कोण आपणहून बोलतं ते बघ. ज्याच्या आईबापानं गाव सोडलंय, ते मूल बहुधा आधी बोलेल. त्याचं नीट ऐक.

परीक्षेनंतर मुलानं पुस्तक पुन्हा हातात घेतलं, तर तुझी परीक्षा चांगली झाली. गुण घेऊन त्यानं पुस्तक कायमचं मिटलं, तर प्रश्न बदल. नवी प्रश्नपत्रिका छापण्याआधी मला पाठव, आपण दोघे मिळून बघू.

तुझा,
मामा