सिकलसेलच्या हॅप्लोटाइपपाशी शिकलेलं

सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावकडच्या कुटुंबांच्या रक्तनमुन्यांतून मी हॅप्लोटाइप काढतो, म्हणजे एकाच गुणसूत्रावर सोबत आलेल्या डीएनएच्या अक्षरांची मालिका. तपासणीत प्रत्येक जागी दोन अक्षरं कळतात. आईकडून आलेलं कोणतं, वडिलांकडून कोणतं, हे कळत नाही. पाच जागी अक्षरं वेगळी निघाली तर 16 जोड्या शक्य, दहा जागी 512. त्यातली खरी जोडी गणिताने शोधायची.

1. सुरुवात एसएस रुग्णांपासून करा. त्यांच्या अकराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींवर सिकलचं जनुक असतं, आणि भारतात ते बहुतेक वेळा अरब-भारतीय हॅप्लोटाइपवरच सापडतं. दोन्ही प्रती सारख्या, म्हणजे अंदाज करायलाच नको. मग एएस वाहकाच्या, म्हणजे एकाच प्रतीवर सिकल असलेल्याच्या, नमुन्यातून तो हॅप्लोटाइप वजा केला की उरतो तो दुसरा. अँड्र्यू क्लार्क यांनी 1990 साली मांडलेली ही रीत. नंतर कितीतरी चांगले प्रोग्राम आले, पण आपल्या भागात माझा पहिला भरवसा हिच्यावरच.

2. मुलासोबत आईवडिलांचंही रक्त घ्या. मात्र तिघंही एएस असतील तर नेमक्या सिकलच्या जागेवरच कोडं सुटत नाही. तेव्हा शेजारच्या खुणा बघाव्या लागतात. घरात एखादं एसएस भावंड असेल तर त्याचा नमुना सगळ्यांत मोलाचा.

3. नातं विचारल्याशिवाय गणित मांडू नका. 1995 ची एक्सकॉफियर-स्लॅटकिन पद्धत नमुने एकमेकांच्या नात्यातले नाहीत असं धरून चालते. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे सगे, म्हणजे कुळगट, असतात. लग्न सग्याबाहेर, पण मामाकडची सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या. हे कागदावर कुठे नसतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारलं की सगळं सांगते.

4. हॅप्लोटाइप शोधणारा बीगलसारखा प्रोग्राम सहसा संदर्भ-नमुन्यांचा आधार घेतो. अशा नमुन्यांच्या हजार जीनोम प्रकल्पात ह्यूस्टनचे गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत. गोंड, हलबा नाहीत. आपले नमुने आपणच जमवायला हवेत.

5. अरब-भारतीय हॅप्लोटाइपसोबत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, म्हणून हा आजार सौम्य मानतात. नागपूरच्या बालरुग्णांवरच्या अभ्यासांत मात्र तीव्र आजाराची मुलं बरीच आढळली. त्यामुळे हॅप्लोटाइप पाहून कुठल्याही आईला ‘काळजी नको’ असं मी सांगत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे का, तेवढं विचारतो.