मुंबई ते जेद्दा : घड्याळ, सूर्य आणि मीकात



उमऱ्याच्या तिकिटावर समजा लिहिले आहे : मुंबईहून प्रस्थान सकाळी १०, जेद्दा येथे आगमन दुपारी १. पाहणाऱ्यास वाटते, प्रवास तीन तासांचा. वस्तुतः हे अंतर हवाई मार्गाने सुमारे ३,५०० किलोमीटर असून त्याला साधारण साडेपाच तास लागतात. सौदी अरबस्तानची वेळ भारताच्या अडीच तास मागे आहे. म्हणून दोन्ही वेळा आपापल्या जागी खऱ्या असूनही त्यांची वजाबाकी मात्र फसवी ठरते.

हा हिशेब इबादतीशी निगडित आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केकडे येणाऱ्यांसाठी मीकात ठरवून दिल्या. पूर्वी हिंदुस्थानचे यात्रेकरू जहाजाने येत आणि यलमलमच्या समोर एहराम बांधत. आजचे विमान पूर्वेकडून, बहुधा ताइफजवळच्या कर्नुल मनाझिलच्या बाजूने जाते. ही मीकात जेद्दा येथे उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी येते आणि विमान तेथे थांबत नाही. आपल्या उदाहरणात तो क्षण भारतीय घड्याळात ३ च्या, तर सौदी घड्याळात साडेबाराच्या सुमारास येतो. ज्याने घड्याळ सौदी वेळेला लावले, पण मनात १० मध्ये साडेपाच तास मिळवले, तो ‘अजून पुष्कळ अवकाश आहे’ म्हणून निजेल आणि मीकात मागे पडेल. उमऱ्याच्या इराद्याने निघालेला एहरामाविना मीकात ओलांडून गेला, तर त्याने परत मीकातवर जाऊन एहराम बांधावा. अन्यथा ‘दम’ म्हणजे कुर्बानी वाजिब होते. जेद्दा येथे उतरून एहराम बांधणे बहुसंख्य उलमांच्या मते पुरेसे नाही.

म्हणून गुस्ल घरीच करावे. पुरुषांनी एहरामाच्या चादरी घरी किंवा विमानतळावर परिधान कराव्यात. निदान त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, सामानात देऊ नयेत. लक्षात असू द्या, चादर म्हणजे एहराम नव्हे. नियत आणि तलबिया यांनी एहराम सुरू होतो. झोपेची भीती असल्यास नियत आधीच करणे जाइज आहे. नियतीनंतर विमानात मिळणारा सुगंधी रुमाल वापरू नये.

नमाज व रोजा यांचा आधारही सूर्यच. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि या दोन शहरांत जवळजवळ ३४ रेखांशांचे अंतर आहे. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना दिवस सुमारे सव्वादोन तासांनी लांबतो. मुंबईत मगरिबची अजान झाली, तरी खिडकीतून सूर्य दिसत असेल तोवर इफ्तार करता येत नाही. परतीच्या वाटेवर याच्या उलट घडते : दिवस आखडतो आणि अस्रची वेळ भराभर सरते. तेव्हा वुजू करूनच विमानात बसावे.

तिकिटावरील वेळ उतरवून घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना कळवा. स्वतःसाठी मात्र कागदावर एवढेच लिहून ठेवा : ‘उड्डाणानंतर साडेचार तास, मीकात जवळ.’ विमानातील घोषणा ऐकू आली तर उत्तम. नाही आली, तरी जबाबदारी आपलीच आहे.