मुक्या जिवाची अमानत : घरची कोंबडी आजारी पडते तेव्हा

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (6:38) अल्लाहने एक विलक्षण सत्य आपल्यासमोर ठेवले आहे. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे माणसांप्रमाणेच समुदाय आहेत आणि शेवटी सर्वांना आपल्या पालनकर्त्याकडेच एकत्र व्हायचे आहे, असा या आयतीचा आशय आहे. आपल्या अंगणात दाणे टिपणारी कोंबडीसुद्धा या समुदायांपैकी एकाची घटक आहे. तिचा खरा मालक अल्लाह आहे. आपल्याकडे ती अमानत आहे.

वाचकहो, खानदेशात कोंबडी हा घरातलाच जीव असतो. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांतील तडवी बांधवांच्या वस्त्यांत आणि धुळे-शिरपूरकडील मोहल्ल्यांत दारापुढचे खुराडे नेहमीचेच. मोठ्यांसाठी ती अंड्यांची आणि अडीनडीच्या चार पैशांची सोय असते, मुलांसाठी मात्र ती सोबतीण असते. अशी कोंबडी एके दिवशी खाणे सोडते, पंख ढिले टाकून कोपऱ्यात बसते. त्या वेळी घरात सहसा दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, मरायच्या आत सुरी फिरवा. दुसरा म्हणतो, कोंबडीच तर आहे, तिच्यासाठी डॉक्टर कशाला? इस्लामची शिकवण या दोन्हींहून वेगळी आहे.

मुलाचे दुःख क्षुल्लक नाही

हजरत अनस (रजि.) यांचा एक धाकटा भाऊ होता, अबू उमैर. त्याने एक चिमुकला पक्षी पाळला होता आणि तो त्याच्याशी खेळत असे. तो पक्षी मेला. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले तेव्हा हा लहानगा खिन्न बसलेला त्यांना दिसला. प्रेषितांनी (स.) त्याला आदराच्या नावाने हाक मारली आणि त्याच्या पक्ष्याचे काय झाले, अशी प्रेमाने विचारपूस केली. हा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आला आहे. चौथ्या हिजरी शतकातील विद्वान इब्नुल कास्स यांनी या एकाच हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहून तिच्यातून साठ बोध काढले.

विचार करा, एका समाजाची धुरा ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांनी एका बालकाच्या मेलेल्या पक्ष्यासाठी वेळ काढला. मग आपल्या घरातील मूल आजारी कोंबडीजवळ बसून रडत असेल, तर त्याला हसणे किंवा दटावणे शोभते काय? मुलाच्या मनात दया उगवते ती अशाच क्षणी. त्याला जवळ घ्या, खरे काय ते सांगा आणि तिच्यासाठी दुआ करायला शिकवा. ‘बरी होईल’ असे खोटे वचन मात्र देऊ नका. शिफा देणारा अल्लाह आहे, आपल्या हाती प्रयत्न आहेत, हे मुलाला या वयातही समजते.

उपचार हा तिचा हक्क आहे

एका स्त्रीने मांजरीला कोंडून ठेवले. तिला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधण्यासाठी मोकळेही सोडले नाही. त्या स्त्रीला शिक्षा झाली, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. याउलट तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, आणि प्रत्येक सजीवाची सेवा करण्यात पुण्य आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. खुराड्यात बंद असलेली कोंबडी स्वतः सावली शोधू शकत नाही, पाणी आणू शकत नाही. जो तिला कोंडतो, त्याच्यावरच तिचे दाणापाणी आणि देखभाल येते.

आजार ओळखण्याइतके ज्ञान असणे हाही या जबाबदारीचाच भाग आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा चोच उघडी ठेवून धापा टाकणारी कोंबडी कदाचित केवळ उन्हाने बेजार झालेली असते. खुराड्यावर ओले पोते, भरपूर सावली आणि दिवसातून अनेकदा बदललेले गार पाणी एवढ्यानेही तिचा जीव वाचू शकतो. रक्तमिश्रित हगवण वेळेवर दाखवल्यास औषधाने बरी होऊ शकते. मान वाकडी होणे, हिरवट पातळ विष्ठा, पाय लुळे पडणे ही मानमोडीची म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे आहेत. मानमोडीवर औषध नाही, लस आहे. ती पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात व पुढे तिची मात्रा पुन्हा द्यावी लागते. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, या प्रेषितवचनाचा अर्थ कोंबडी पाळणाऱ्यासाठी हाच आहे.

माणसांची उरलेली औषधे अंदाजाने तिच्या चोचीत कोंबू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा 1962 या क्रमांकावर विचारा. दवाखान्याचा खर्च कोंबडीच्या किमतीपेक्षा अधिक आहे, असा हिशेब काही जण मांडतात. ऐपतीपलीकडचा भार अल्लाह कोणावरही टाकत नाही, हे खरे आहे. परंतु पाणी, सावली, स्वच्छता आणि दोन शब्दांची विचारपूस यांना ऐपत लागत नाही.

दया आणि दक्षता

अनेक घरांत आजारी कोंबडी इतर कोंबड्यांतच राहू देतात, तिला एकटे पाडणे निर्दयपणाचे वाटते म्हणून. प्रेषितांनी (स.) मात्र आजारी उंटांच्या मालकाला आपली जनावरे निरोगी जनावरांजवळ आणण्यास मनाई केली आहे. तेव्हा आजारी कोंबडीला वेगळ्या डालग्याखाली, कोरड्या व शांत जागी ठेवणे ही सुन्नतला धरून असलेली दयाच आहे. तिचे दाणापाणी शेवटी करा, हात साबणाने धुवा आणि मुलांना तिला कवटाळू देऊ नका.

या दक्षतेचे महत्त्व खानदेशाला वेगळे सांगायला नको. 18 फेब्रुवारी 2006 रोजी भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला, तो नवापुरात. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेला हा तालुका 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. काही लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील मारुळ, सावदा, हातेड यांसारख्या गावांत हा रोग आढळला आणि तेथे तो घरोघरच्या परसातील कोंबड्यांत होता. 2021 मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. त्याच वर्षी आपल्या देशात एका बालकाचा या रोगाने मृत्यू झाला.

अशा वेळी सरकारी पथक दारात येते आणि धडधाकट दिसणारी कोंबडीही मागते. मूल तिला पोटाशी धरून बसते. तिला माळ्यावर लपवावी किंवा रातोरात दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे पोचवावी, असे आईबापांच्याही मनात येते. प्रिय बंधु-भगिनींनो, हीच परीक्षेची घडी आहे. जेथे प्लेगची साथ आहे तेथे जाऊ नका आणि तेथून पळूनही जाऊ नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला हानी पोचवू नये, हा आपल्या शरीअतचा मूलभूत नियम आहे. लपवलेली एक कोंबडी शेजाऱ्याचे अख्खे खुराडे आणि कदाचित त्याचे मूलही संकटात टाकू शकते. एका जिवावरची माया अनेक जिवांवर अन्याय करू लागली की ती दया उरत नाही. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांची माहिती देणे 2009 च्या कायद्यानेही मालकावर बंधनकारक केले आहे. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले किंवा डोकी सुजली, तर लगेच कळवा.

सुरी कधी, कशी

मरणासन्न कोंबडी खऱ्या अर्थाने जिवंत असताना विधिपूर्वक जबह केली तर ती मुर्दार ठरत नाही, असे फिकहचे विद्वान सांगतात. परंतु कुरआनने हलालसोबत ‘तय्यब’ म्हणजे शुद्ध व हितकारक असण्याचीही अट घातली आहे. रोगाने पोखरलेले किंवा नुकतीच औषधे दिलेले मांस मुलांच्या ताटात वाढणे या अटीत बसत नाही. बरे होण्याची आशा नाही आणि वेदना असह्य आहेत, असे पशुवैद्यकाने सांगितले तर तिला तिष्ठत न ठेवता, स्थानिक उलेमांना विचारून वेदनेतून सोडवता येते. प्रेषितांनी (स.) प्रत्येक कामात उत्तमता राखण्याची, सुरीला धार लावण्याची आणि जिवाला आराम देण्याची आज्ञा केली आहे. म्हणून हे काम दुसऱ्या कोंबड्यांसमोर आणि मुलांसमोर नको. बर्ड फ्लूचा संशय असेल तर घरी सुरी चालवूच नका. रक्त आणि पिसे यांतूनही रोग पसरतो.

आजारी कोंबडी गुपचूप बाजारात विकणे हे तर उघड पाप आहे. वरचे धान्य कोरडे ठेवून खालचे ओले धान्य लपवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) जागीच फटकारले होते आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले होते. आठवडे बाजारात हातात आलेल्या त्या थोड्या रुपयांना बरकत कुठून येणार?

शेवटचे कर्तव्य

कोंबडी मेली तर तिला उकिरड्यावर, गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रात फेकू नका. वस्तीपासून व विहिरीपासून दूर खोल खड्डा करून चुना टाकून पुरा आणि खुराडे धुऊन काढा. रोगाची शंका नसेल तर मुलालाही सोबत न्या आणि त्याला सांगा, ‘बेटा, तू तिला पाणी पाजलेस, ऊन लागू दिले नाहीस. अल्लाहने हे पाहिले आहे.’ कोंबडी परत येणार नाही, पण त्या मुलाच्या मनात रुजलेली करुणा उद्या म्हाताऱ्या आईबापांच्या उशाशीही जागी राहील.

हे अल्लाह, तू आमच्या स्वाधीन केलेल्या प्रत्येक मुक्या जिवाचे हक्क अदा करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे, आमच्या दयेला शहाणपणाची जोड दे आणि आमच्या मुलांची मने कोमल ठेव. आमीन.