ढोल वाट्याला आला म्हणून

हदगाव,
नागपंचमी

चिरंजीव छकुली,

तुझे पत्र पोचले आणि सावकाश वाचले. शाळेच्या बँडपथकात तुझी निवड झाली, परंतु ज्या ट्रम्पेटची आस धरून तू नाव दिले होतेस ते दुसऱ्या मुलीस मिळाले आणि तुझी उंची व खांदे पाहून सरांनी तुझ्या गळ्यात मोठा ढोल अडकवला. त्यात वर्ष नववीचे, लातूरच्या शिकवणी-वर्गांनी दिवसाचा प्रत्येक प्रहर आधीच वाटून घेतलेला, आणि सरावाचा वेळ फुकट जातो असे तुझ्या वडिलांचे मत. तेव्हा सरळ राजीनामा देऊन मोकळे व्हावे काय, असा तुझा सवाल आहे. माझे उत्तर नाही असे आहे. ते हुकूम म्हणून सांगण्याचा अधिकार आजोबाला असला, तरी या बाबतीत मला हुकूम चालवायचा नाही. कारणे पटवायची आहेत, म्हणून पत्र लांबेल.

प्रथम ढोलाविषयी. तू लिहितेस की ट्रम्पेटला सूर असतो, गीत असते, आणि ढोलाला केवळ धमधम. ज्याने पथकाबरोबर दहा पावले टाकली आहेत त्याला हे विधान मान्य होणार नाही. संचलनाची द्रुत चाल मिनिटाला 120 पावलांची, म्हणजे एका पावलास अर्धा सेकंद. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तेव्हा तुझ्यामागे 34 मीटरांवर चालणाऱ्या मुलीच्या कानी तुझा ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका उशिरा पोचतो, आणि तिने केवळ कानावर भिस्त ठेवली तर ती पावलाच्या पाचव्या हिश्श्याने मागे पडते. लांबलचक रांग दुरून पाहताना तिच्यात लाट उठल्यासारखी दिसते ती यामुळे. यात कोणाचा आळस नाही, हा सृष्टीचा नियम आहे. परंतु याच नियमामुळे ढोलावर जी जबाबदारी येते ती अन्य कोणत्याही वाद्यावर येत नाही. ट्रम्पेटचा एखादा स्वर चुकला तर तो तेथेच विरून जातो. ढोल अडखळला तर ती चूक क्रमाक्रमाने मागे पसरत जाते आणि शेवटच्या रांगेतील मुली पाय बदलत बसतात. ज्या वाद्याच्या विश्वासावर शेकडो पावले पडतात ते तुझ्या हाती देताना सरांनी तुझी उपेक्षा केली, असे मला मुळीच वाटत नाही.

आमच्या काळी, म्हणजे 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, येथील प्रशालेत जे पथक उभे राहिले त्याचा सरंजाम अगदी तुटपुंजा होता: एक मोठा ढोल, साइड ड्रम, थोडे बिगूल, बासऱ्या, झांजा आणि एक त्रिकोण. बिगुलाला तुमच्या ट्रम्पेटसारख्या कळा नसतात. एकाच नळीतून ओठांच्या ताणाने आणि श्वासाच्या जोराने जे स्वर उपजतात तेवढ्यांवरच भागवावे लागते, आणि ते म्हणजे मुख्यत्वे षड्ज, पंचम, त्यावरचा षड्ज, गंधार व पंचम. एवढ्या अल्प भांडवलावर लष्करातील उठण्याचे, जेवणाचे, एकत्र होण्याचे आणि निजण्याचे सारे इशारे रचलेले आहेत, हे जेव्हा आमच्या कवायतीच्या गुरुजींनी वाजवून दाखवले, तेव्हा गंधार हा स्वर मला प्रथम कळला. गुरुजी पूर्वी फौजेत होते. त्यांचा शिरस्ता असा की ज्या मुलाला काही वाजवायचे नाही त्याने मनात मात्रा मोजाव्यात, आणि मध्येच ते कोणासही थांबवून विचारीत, ‘आता कितवी?’ ज्याला सांगता येई त्यालाच पुढे वाजवण्याची मुभा असे. वाजवताना सावध राहणे सोपे असते, कारण हात कामात असतात. वाजवायचे नसताना सावध राहणे हीच वादकाची परीक्षा, असे ते मानीत, आणि आज या वयात मलाही तेच मत सर्वांत खरे वाटते. वर्गात, सभेत, संसारात माणसे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतात आणि त्या अवधीत दुसरा काय बोलला हे त्यांच्या कानांत शिरतच नाही. पथकात असे करता येत नाही.

याचा एक सुंदर दाखला प्रत्यक्ष सरकारी नियमांत आहे. बँडवर राष्ट्रगीत वाजवण्यापूर्वी लोकांना सूचना मिळावी म्हणून ड्रमचा सलग नाद करावा, तो संथ चालीच्या सात पावलांइतका असावा, हळू आरंभ करून शक्य तितका चढवावा, मग क्रमाने उतरवावा, तरी सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहावा, आणि त्यानंतर एक ठोका पूर्ण विराम ठेवून मग राष्ट्रगीतास प्रारंभ करावा, असे त्यात सांगितले आहे. राष्ट्रगीत अवघे सुमारे 52 सेकंदांचे. परंतु त्याच्या दारात उभा असलेला तो एक ठोक्याचा विराम पाळणे हे ढोल-ड्रमवाल्यांचे काम, ट्रम्पेटवाल्यांचे नव्हे. येत्या ध्वजवंदनाच्या वेळी तो विराम नीट पाळ. घाई करू नकोस.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती तुझ्या वयाच्या मुलीला कोणी सांगत नाही, परंतु ती सांगितल्यावाचून ढोलाचा विषय पुरा होत नाही. आपल्या मुलखात चर्मवाद्य वाजवणे हे गावगाड्याने काही विशिष्ट जातींच्या माथी मारलेले काम होते. लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो, हलगी मातंग समाजातील माणसानेच वाजवायची. तिच्यावाचून मंगल कार्य पुरे व्हायचे नाही, आणि वाजवणाऱ्याने मात्र मांडवाबाहेर उभे राहायचे. आमच्या पथकात साइड ड्रमवर जो मुलगा अव्वल होता तो अशाच घरचा. एका हातात आखूड जाड काठी आणि दुसऱ्यात लवचिक बारीक काडी घेऊन हलगीचे बोल काढण्याची तालीम त्याला लहानपणापासून मिळालेली असल्यामुळे, आम्हा बाकीच्यांना जे महिनोन्महिने साधत नव्हते ते त्याच्या मनगटांत आधीच वास करीत होते. गुरुजींनी त्याला ड्रमच्या ओळीत सर्वांपुढे उभे केले, तेव्हा गावातील काही प्रतिष्ठितांनी कुरकूर केली. आणि माझ्याच घरी, आपल्या मुलाने ‘वाजंत्र्यांचे’ काम का करावे, अशी चर्चा झाली. गुरुजी बधले नाहीत. त्या वर्षी ध्वजवंदनाला सारा गाव त्या मुलाच्या ठोक्यावर चालला. भाषणांनी आणि कायद्याने जे हळूहळू घडते त्यातला एक अंश त्या सकाळी मी डोळ्यांदेखत घडताना पाहिला, आणि शाळेत बँडपथक असावे या मताचा माझा सर्वांत मोठा आधार तोच आहे. म्हणून तुझ्या पत्रातील ‘केवळ धमधम’ हे शब्द मला लागले. तुझा तसा हेतू नव्हता हे मी जाणतो. तरी त्या शब्दांमागे फार जुना तिरस्कार दडलेला असतो, आणि तो आपल्या घरात पुन्हा शिरू नये अशी माझी इच्छा आहे.

मुलांचे पथक म्हणजे केवळ पाहुण्यांच्या स्वागताची सजावट, असे समजणाऱ्यांनी मैहरचा इतिहास पाहावा. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ मैहर संस्थानात आले तो काळ 1918 च्या सुमाराचा. इन्फ्लुएन्झाच्या साथीने गावोगाव मुले पोरकी झालेली होती. खाँसाहेबांनी अशा मुलांना गोळा करून त्यांना वाद्ये शिकवली आणि त्यांतून जो मैहर बँड उभा राहिला त्यात सतार, सरोद, व्हायोलिन ही वाद्ये एकत्र नांदू लागली. त्यांनी बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे ‘नलतरंग’ नावाचे वाद्य घडवले. शस्त्राच्या नळीतून राग निघावा आणि तो पोरक्या मुलांनी वाजवावा, याहून मोठी संगीतसेवा मला ठाऊक नाही. आपले अभिजात संगीत बहुतांशी एकट्या गायकाचे. शेकडो वर्षे आपण एका कंठाची किमया ऐकत आलो, आणि त्यात उणे काहीच नाही. परंतु पुष्कळांनी मिळून, एकमेकांना वाट देत, एकच रचना उभी करणे ही विद्या वेगळी आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांनी पिढ्यान्पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले, आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद याच वादकांनी तोलून धरला. ज्यांची नावे तबकडीवर क्वचितच छापली गेली अशा त्या माणसांवाचून आपण आज गुणगुणतो ती कितीतरी गाणी निम्मी उरली असती.

तू 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी वाजवणार आहेस, म्हणून आणखी एक हकिगत. निजामी अमदानीत, 1938 साली, ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढून टाकण्यात आले. त्यांत आपल्या मराठवाड्याची मुले होती, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना आश्रय दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, 25 ऑगस्ट 1948 रोजी, म्हणजे हैदराबाद संस्थान अद्याप मुक्त व्हायचे होते तेव्हा, पंडित नेहरूंनी संविधान सभेत राष्ट्रगीताविषयी निवेदन केले. त्यात कोणते गीत बँडवर आणि वाद्यवृंदावर चांगले वाजते, हा मुद्दा प्रमुख होता. 1947 साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रसंगी ‘जन गण मन’ वाद्यवृंदाने वाजवले आणि ते सर्वांस आवडले, हेही त्यांनी सांगितले. ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजवता येत नाही हा आक्षेप खोडून काढण्यासाठी आपले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर, जे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य आणि नाट्यसंगीताचे मानकरी, त्यांनी झिंझोटीतील आपली चाल बँडला साजेल अशी बांधून दिल्लीत तिची प्रात्यक्षिके केली. अखेर 24 जानेवारी 1950 रोजी राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान, असा निर्णय जाहीर केला. मास्तरांचा पुरा हेतू सिद्धीस गेला नाही, तरी एका अभिजात गायकाने राष्ट्रासाठी बँडचे व्याकरण शिकून घ्यावे, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही पदाइतकीच थोर वाटते. ज्या गीतासाठी आपल्या मुलांना विद्यापीठ सोडावे लागले ते तू भरचौकात वाजवणार आहेस.

वेळेच्या प्रश्नावर मी थोडक्यात लिहितो, कारण तो मला तितका अवघड वाटत नाही. लातूरच्या शिकवणीने आपल्या भागातील शेकडो साध्या घरांची मुले डॉक्टर आणि इंजिनियर झाली, याचा मला अभिमान आहे, आणि त्या शिस्तीची मी थट्टा होऊ देणार नाही. परंतु ज्या विद्येत प्रत्येकाचा अनुक्रमांक शेजाऱ्याच्या वर किंवा खाली असतो, तिच्या जोडीला एखादी तरी विद्या अशी हवी की जिच्यात शेजारी पडला तर आपणही पडतो. पहाटेचा पाठ आणि रात्रीची उजळणी यांत खंड पडू देऊ नकोस. मोबाइलवर जातो तो वेळ पथकाला दे. सहामाहीत गुण घसरले तर आपण पुन्हा विचार करू.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ढोलाच्या ऐन मध्यावर मारू नकोस. मध्यापासून किंचित बाजूला मारलेल्या ठोक्याला अधिक घुमारा असतो. दुसऱ्या बाजूच्या पानावर तळहात टेकवून नाद आवरण्याचा अभ्यास कर, कारण ठोका कोठे संपतो हेही ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. आमच्या वेळी पान चामड्याचे असे आणि पावसाळ्यातील दमट हवेत ते इतके सैल पडे की ध्वजवंदनापूर्वी निखाऱ्यावर शेकावे लागे. तुमचे पान प्लॅस्टिकचे असेल तर तो त्रास नाही, तरी पट्टा खांद्याला काचू लागला तर त्याखाली जाड फडके घाल. आणि ट्रम्पेटचे सारे गीत तोंडपाठ कर. ते मिळाले नाही म्हणून त्याकडे पाठ फिरवू नकोस. ते कोठे श्वास घेते हे ठाऊक असेल तरच तुझा ढोल त्याला सांभाळील. ज्या मुलीला ते मिळाले तिच्याशी अबोला धरला आहेस असे तुझ्या पत्रावरून वाटले. उद्याच तिच्याशी बोल, आणि दोघी मिळून सराव करा.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला तुला घेऊन जाण्याची तजवीज मी करतो. तेथे हलगी, संबळ आणि वाघ्या-मुरळीचे गाणे जवळून ऐकशील, आणि हलगीवाल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला काका म्हणून, पाया पडून, हात कसा धरायचा ते विचारशील अशी अपेक्षा आहे.

तुझ्या वडिलांना स्वतंत्र पत्र लिहिले आहे. ध्वजवंदन किती वाजता आणि कोणत्या मैदानावर आहे ते लगेच कळव, म्हणजे आदल्या दिवशी नांदेडमार्गे एसटीने मुक्कामाला येता येईल. तुझी आजी सोबत येणार आहे. तिच्यासाठी सावलीत एक खुर्ची सरांना सांगून ठेव.

तुझे,
आजोबा